हात लावता येतो का, हा प्रश्न तिसरा विचारा

प्रश्न : मी एका लहान उत्पादन कंपनीत वर्षभरापासून हिशेब सांभाळते. मालमत्तेचं रजिस्टर नव्याने लावायचं काम माझ्याकडे आलं आहे. वरिष्ठांनी एकच नियम सांगितला : हात लावता आला तर मूर्त, नाही तर अमूर्त. त्या नियमाने मी ग्राहकांकडची येणी आणि बँकेतली मुदत ठेवसुद्धा अमूर्तमध्ये टाकली. ऑडिटरने दोन्ही तिथून काढायला लावली. मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर मी अमूर्तमध्ये दाखवलं होतं, ते त्यांनी मशीनच्या रकमेत घातलं. डिझाइनचं सॉफ्टवेअर मात्र अमूर्तमध्येच ठेवलं. दोन्ही सॉफ्टवेअरच ना? आणि ज्या नावावर आमचा माल खपतो, त्या नावाचा ताळेबंदात पत्ताच नाही. मालक विचारतात, ‘सगळ्यात मोलाची गोष्ट तीच, आणि तीच कशी राहिली?’ त्यांना काय सांगू?

उत्तर : ऑडिटरने केलेल्या तिन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. पण त्यात तुमचा फारसा दोष नाही, कारण तुमच्या हातात दिलेला नियमच अपुरा होता. हात लावता येतो की नाही हा प्रश्न खरा आहे, फक्त त्याची पाळी उशिरा येते. त्याआधी दोन प्रश्न विचारायचे असतात. ते वगळले की नेमका तुमच्यासारखा घोळ होतो : जे जे डोळ्यांना दिसत नाही ते सगळं एकाच खणात जाऊन पडतं.

पहिला प्रश्न : ही मुळात मालमत्ता आहे का? त्या गोष्टीवर कंपनीचा ताबा हवा, तिच्यापासून पुढे आर्थिक लाभ मिळण्याची शक्यता हवी आणि तिची किंमत खात्रीने मोजता यायला हवी. यातली ताब्याची अट लोक सर्रास विसरतात. तुमच्या कंपनीने कामगारांच्या प्रशिक्षणावर बराच खर्च केला असेल आणि त्याने काम सुधारलंही असेल. तरी तो खर्च अमूर्त मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. शिकलेला माणूस उद्या राजीनामा देऊन गेला तर त्याचं कौशल्य त्याच्याबरोबर जातं, कंपनी ते अडवू शकत नाही. म्हणून प्रशिक्षणाचा खर्च त्या त्या वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात जातो. जाहिरातीचंही तसंच.

याच्या उलट फुटबॉल क्लबांचे ताळेबंद पाहा. दुसऱ्या क्लबकडून खेळाडू घेताना मोजलेली रक्कम तिथे अमूर्त मालमत्ता म्हणून दिसते आणि कराराच्या वर्षांवर वाटून खर्ची पडते. तिथेही माणूस मालमत्ता नसतो. मालमत्ता असते ती त्याच्या नोंदणीचा हक्क. करारामुळे त्या हक्कावर क्लबचा ताबा असतो आणि त्यासाठी किती पैसे दिले हे कागदावर असतं. तुमच्या कामगारांच्या बाबतीत असा हक्क कुठे आहे, हे शोधून पाहा. सापडणार नाही.

दुसरा प्रश्न : ही गोष्ट म्हणजे पैसा, किंवा पैसे मिळण्याचा हक्क आहे का? तुमची येणी आणि मुदत ठेव इथे अडकायला हवी होती. आंतरराष्ट्रीय लेखा मानक ३८ हे १९९८ साली आलं आणि अमूर्त मालमत्तेची व्याख्या त्यात दिलेली आहे : वेगळी ओळखता येणारी, पैशाच्या स्वरूपात नसलेली आणि भौतिक रूप नसलेली मालमत्ता. मधली अट नीट वाचा. ग्राहकाकडून ठरलेली रक्कम यायची आहे, बँकेकडून ठेव व्याजासह परत मिळायची आहे. या दोन्हींना हात लावता येत नाही हे खरं, पण त्या पैशाच्या स्वरूपातल्या आहेत. त्या वित्तीय मालमत्तेत जातात. शेअर आणि रोखेही तिथेच. आगाऊ भरलेला विम्याचा हप्ताही दिसत नाही, पण तो आगाऊ दिलेल्या खर्चाच्या ओळीत राहतो. अमूर्त मालमत्तेत त्याला ओढू नका.

या प्रश्नाची धार किती आहे हे क्रिप्टोचलनाच्या बाबतीत दिसलं. नावात चलन आहे, तेव्हा ते रोख रकमेत जाईल असं अनेकांना वाटत होतं. जून २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने सांगितलं की ते रोख रक्कम नाही आणि वित्तीय मालमत्ताही नाही, कारण ते बाळगणाऱ्याला कुणाकडून पैसे मिळण्याचा करारबद्ध हक्क नसतो. ते अमूर्त मालमत्तेत जातं. फक्त एखाद्याचा धंदाच त्याच्या खरेदी-विक्रीचा असेल, तर तो विक्रीचा साठा ठरतो.

साठ्याचा विषय निघालाच आहे, तर तो इथेच संपवू. विकण्यासाठी ठेवलेली वस्तू, दिसो वा न दिसो, साठ्यात जाते. तुम्ही बनवलेला माल गोदामात आहे, त्याला हात लावता येतो, म्हणून कुणी त्यावर घसारा (वापराने घटणारी किंमत वर्षांवर वाटून खर्चात धरणं) काढत नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये येणारी मूर्त मालमत्ता म्हणजे उत्पादनासाठी, भाड्याने देण्यासाठी किंवा कारभारासाठी ठेवलेली आणि एकाहून जास्त वर्षं वापरात राहणारी.

आता तिसरा प्रश्न, तुमच्या वरिष्ठांचा. पण तोही जरा वेगळ्या शब्दांत विचारा : किंमत कशात आहे, वस्तूत की तिच्यात साठवलेल्या हक्कात किंवा ज्ञानात? कारण बहुतेक अमूर्त गोष्टी कुठल्या तरी मूर्त वस्तूवर बसूनच येतात. सॉफ्टवेअर डिस्कवर येतं, पेटंटचं प्रमाणपत्र कागदावर असतं, चित्रपट रिळावर असतो. डिस्कला हात लावता येतो म्हणून सॉफ्टवेअर मूर्त ठरत नाही. डिस्क, कागद आणि रीळ यांची किंमत नगण्य असते, पैसे मोजलेले असतात ते आत जे आहे त्याचे.

तुमच्या दोन सॉफ्टवेअरचं कोडंही याच प्रश्नाने सुटतं. संगणकावर चालणारं कटिंग मशीन घ्या. त्याचं नियंत्रण सॉफ्टवेअर काढून टाकलं तर मागे काय उरतं? जागचं न हलणारं लोखंड. त्या सॉफ्टवेअरशिवाय मशीन चालतच नसेल, तर ते मशीनचा अविभाज्य भाग आहे आणि मशीनबरोबर मूर्त मालमत्तेतच जातं. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमलाही मानकात हाच न्याय आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर मात्र काढून टाकलं तरी संगणक सुरू होतो, बाकीची कामं होतात, उद्या दुसऱ्या संगणकावर तेच बसवता येतं. ते स्वतंत्र आहे, म्हणून अमूर्त. दोन्ही सॉफ्टवेअर असली तरी एक मशीनचा अवयव आहे आणि दुसरं संगणकावरचं बिऱ्हाडकरू.

आकड्यांत बघू, सगळे आकडे लाखांत धरा. बिलात मशीन ४०, नियंत्रण सॉफ्टवेअर ६ आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर ५ अशा तीन ओळी आहेत असं धरा. पहिल्या दोन ओळी मिळून ४६ मूर्त मालमत्तेत, तिसरी ओळ ५ अमूर्तमध्ये. मशीन १० वर्षं चालणार आणि शेवटी त्याची काही किंमत येणार नाही असं मानलं, तर वर्षाचा घसारा ४.६. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा परवाना ४ वर्षांचा असेल तर त्याचे दरवर्षी १.२५ खर्ची पडतील.

पण इथे एक बारकावा आहे आणि तो चांगल्या चांगल्या हिशेबनिसांकडून सुटतो. नियंत्रण सॉफ्टवेअर ५ वर्षांनी बदलावंच लागणार आहे, असं तंत्रज्ञ सांगत असतील तर? एखाद्या भागाची किंमत लक्षणीय असेल आणि त्याचं आयुष्य वेगळं असेल, तर त्याचा घसारा वेगळा काढायचा, असं मूर्त मालमत्तेचं मानक १६ सांगतं. मग मशीनचे ४० भागिले १० म्हणजे ४, सॉफ्टवेअरचे ६ भागिले ५ म्हणजे १.२, एकूण ५.२. वर्षाला ०.६ चा फरक पडला, पण सॉफ्टवेअर मूर्त मालमत्तेतून बाहेर गेलं नाही. रजिस्टरमध्ये ते मशीनच्या खालीच उपनोंद म्हणून राहतं. वेगळा घसारा काढला म्हणून वर्ग बदलत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आणि महिन्याला पैसे भरून इंटरनेटवरून वापरायचं सॉफ्टवेअर असेल, तर ते बहुधा कुठल्याच रजिस्टरमध्ये येणार नाही. ते पुरवठादाराच्या सर्व्हरवर चालतं, तुम्हाला फक्त वापरायला मिळतं, ताबा त्याचा. मार्च २०१९ मध्ये मानकांचा अर्थ लावणाऱ्या त्याच समितीने स्पष्ट केलं की भविष्यात असं सॉफ्टवेअर वापरायला मिळण्याचा हक्क एवढ्यावरून ग्राहकाकडे सॉफ्टवेअरची मालमत्ता येत नाही. तो सेवेचा करार आहे. म्हणजे पहिल्याच प्रश्नाला ते गळलं. करारात सॉफ्टवेअर उचलून स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याचा हक्क दिला आहे का, एवढं कलम तेवढं शोधून वाचा. तसा हक्क असेल आणि मोठा भुर्दंड न पडता तो खरोखर वापरता येत असेल, तर पुन्हा विचार करावा लागेल.

भाडेपट्ट्याच्या मशीनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण रजिस्टर लावताना ते समोर येईलच. मशीन तुमचं नाही, वापरण्याचा हक्क तेवढा तुमचा. हक्काला हात लावता येत नाही, तरीही तो अमूर्त मालमत्तेत घालत नाहीत. २०१९ पासून लागू झालेल्या भाडेपट्ट्याच्या मानकानुसार तो वेगळा दाखवतात, किंवा मशीन स्वतःचं असतं तर ज्या ओळीत गेलं असतं त्या ओळीत. चित्रपट, पेटंट, कॉपीराइट यांचे परवाने मात्र या मानकातून वगळले आहेत आणि ते अमूर्तमध्ये जातात.

आता मालकांचा प्रश्न. तो मला तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि त्यांना जे खुपतं आहे ते योग्यच आहे. वर्षानुवर्षं दर्जा सांभाळून कमावलेलं नाव, आणि ताळेबंदात त्याची एक ओळ नाही. पण ती ओळ का नाही, याचं उत्तर सरळ आहे : त्या नावाची किंमत किती पडली, हे वेगळं काढून सांगता येत नाही. चांगला कच्चा माल घेतला, तक्रारी वेळेवर सोडवल्या, जाहिरात केली, कामगारांना शिकवलं. यातला किती खर्च नाव उभं करण्यासाठी झाला आणि किती रोजचा धंदा चालवण्यासाठी, हे कोण सांगणार? म्हणून मानक ३८ स्वतः घडवलेले ब्रँड, प्रकाशनांची नावं, ग्राहकांच्या याद्या यांना मालमत्ता म्हणून दाखवू देत नाही. स्वतः कमावलेल्या ख्यातीलाही नाही.

हेच नाव दुसऱ्या कुणी विकत घेतलं की चित्र बदलतं. समजा, उद्या एका मोठ्या कंपनीने तुमचा संपूर्ण व्यवसाय ५०० ला घेतला. ती कंपनी खरेदीच्या दिवशी प्रत्येक गोष्टीचं रास्त मूल्य काढेल : यंत्रसामग्री २५०, येणी ९०, ब्रँड ६०, ग्राहकांची यादी ५०, आणि देणी वजा ३०. निव्वळ ४२०. उरलेले ८० म्हणजे ख्याती, जिला सगळे गुडविल म्हणतात. इथे ब्रँड ६० आणि यादी ५० या दोन ओळी पहिल्यांदा कागदावर आल्या. कालपर्यंत तुमच्या ताळेबंदात त्यांची जागा शून्य होती. नाव तेच, ग्राहक तेच. फरक एवढाच की आता एक व्यवहार झाला आहे आणि त्यातून किंमत ठरली आहे.

ब्रँड आणि ख्याती यांच्यातली रेघही इथेच दिसते. ब्रँड व्यवसायापासून वेगळा करून विकता येतो, त्यामागे कायद्याचा हक्क असतो, म्हणून तो वेगळा ओळखता येतो. ख्याती सुटी करून विकता येत नाही. ती सगळ्या व्यवसायाबरोबरच जाते. म्हणून तिची ओळ निराळी असते आणि हिशेबही निराळा. पूर्ण आंतरराष्ट्रीय मानकांत ख्याती वर्षागणिक खर्ची टाकत नाहीत, तिचं मूल्य घसरलं आहे का हे दरवर्षी तपासतात. लहान उद्योगांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र ती ठरावीक वर्षांत खर्ची टाकतात, आणि तिचं आयुष्य खात्रीने ठरवता येत नसेल तर १० वर्षांपेक्षा जास्त धरता येत नाही. तुमच्या कंपनीला कुठलं मानक लागू आहे, हे ऑडिटरला आधी विचारा.

मालकांना सांगा, ताळेबंद म्हणजे कंपनीची विक्री किंमत नव्हे. नावाची किंमत त्यांना हवीच असेल, तर स्वतंत्र मूल्यांकन करून घेता येईल आणि बँकेशी किंवा भागीदाराशी बोलताना ते उपयोगी पडेल. पण तो आकडा रजिस्टरमध्ये चढवायचा नाही. या बाबतीत दबाव आला तरी ठाम राहा. एकदा अंदाजाचा आकडा ताळेबंदात शिरला की त्याच्या शेजारच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

बाहेरून विकत घेतलेला ब्रँड किंवा पेटंट मात्र निर्धास्तपणे दाखवा, बिल आणि करार हाताशी आहेत. स्वतःच्या संशोधनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. शोधाशोधीच्या टप्प्याचा खर्च त्याच वर्षी खर्ची टाकायचा. उत्पादन घडवण्याचा टप्पा आला, ते तांत्रिकदृष्ट्या पुरं होणार, कंपनीचा तसा इरादा आहे, वापरण्याची किंवा विकण्याची क्षमता आहे, त्यातून लाभ कसा होणार ते दाखवता येतं, पुरेशी साधनं आहेत आणि खर्च नीट मोजता येतो, या सहाही अटी पुऱ्या झाल्या की त्यापुढचा खर्च मानक ३८ खाली मालमत्तेत घेतात. मागचा खर्च उकरून आणता येत नाही. अमेरिकी पद्धतीत १९७४ च्या मानकापासून संशोधन आणि विकास दोन्ही साधारणपणे खर्चातच जातात, त्यामुळे परदेशी कंपनीशी तुलना करताना आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. वेबसाइटवर फक्त तुमच्या मालाची जाहिरात असेल तर तिचा खर्चही खर्चातच. तिच्यावरून थेट ऑर्डर येत असतील, तर ती घडवण्याच्या टप्प्यातला खर्च या सहा अटींवर घासून पाहता येतो.

वर्ग ठरला की पुढचं काम बरंचसं यांत्रिक आहे. मूर्त मालमत्तेवर घसारा, अमूर्तवर अमॉर्टायझेशन, म्हणजे तिची किंमत तिच्या आयुष्याच्या वर्षांवर वाटून खर्ची टाकणं. मूर्त मालमत्तेत जमिनीला बहुधा घसारा नसतो. अमूर्त मालमत्तेच्या शेवटी उरणारी किंमत शून्यच धरतात. ती आधीच कुणी ठरल्या किमतीला घ्यायचं कबूल केलं असेल किंवा तशा मालमत्तेची नियमित खरेदी-विक्री होणारा बाजार असेल तरच वेगळं. आयुष्य ठरवताना कायद्याच्या मुदतीवर विसंबू नका. पेटंट अर्जाच्या तारखेपासून साधारण २० वर्षांचं असतं, पण त्यातलं तंत्र ८ वर्षांत जुनं होणार असेल तर ८ वर्षंच धरायची. ज्या अमूर्त मालमत्तेच्या आयुष्याला शेवट दिसतच नाही, तिचं पूर्ण आंतरराष्ट्रीय मानकांत अमॉर्टायझेशन होत नाही. दरवर्षी मूल्य तपासायचं. करासाठीची वर्गवारी आणि दर तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे निराळे असू शकतात. ते वेगळ्या पत्रकात ठेवा, या रजिस्टरमध्ये मिसळू नका.

रजिस्टरला एक जादा रकाना जोडा : ‘वर्ग ठरवण्याचं कारण’. कटिंग मशीनच्या सॉफ्टवेअरपुढे ‘याशिवाय मशीन चालत नाही’, डिझाइनच्या सॉफ्टवेअरपुढे ‘स्वतंत्र, दुसऱ्या संगणकावर बसवता येतं’, इतकं ओळभर पुरे. पुढच्या वर्षी ऑडिटरने विचारलं तर तुम्हाला आठवत बसावं लागणार नाही, आणि तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर त्यालाही कळेल. तुमच्याकडे नव्या उत्पादनाचा नमुना कपाटात असेल, तर त्याच्यापासून सुरुवात करा. त्याला हात लावता येतो, वजनही करता येतं, पण त्याची किंमत तो बनवताना मिळालेल्या ज्ञानात आहे, वस्तू दुय्यम. विकासाच्या सहाही अटी पुऱ्या होत असतील तर त्याचा खर्च अमूर्तमध्ये जाईल, होत नसतील तर खर्चात. त्या एका नोंदीपुढचं कारण तुम्हाला स्वतःला लिहिता आलं, की बाकीचं रजिस्टर तुम्ही एकट्याने लावू शकाल.